बाण कानाशी धरणारा माणूस

काकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटं मांडलेली मी फार कमी वेळा पाहिली. ऑगस्ट लागला की त्या टेबलावर बाण यायचे, आणि काकू काही न बोलता आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसायच्या.

मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या टेबलाशीच. २००१ चा ऑगस्ट होता. माझा नवरा निखिल मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत लागला होता आणि मी डिपेंडंट व्हिसावर त्याच्यामागे आले होते. मला नोकरी करता येत नव्हती, ड्रायव्हिंग येत नव्हतं. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी सुचवलं, अमुक काकांचं बेसमेंट भाड्याने आहे, घर स्वच्छ आहे, माणूस थोडा सर्किट आहे. किल्ली आणायला मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ डोळे मिटून बसले होते आणि त्यांनी एक लांब काळा बाण कानाशी धरला होता. दोन्ही हातांनी ते त्याला हलकेच बाक द्यायचे, थोडा फिरवायचे, पुन्हा बाक द्यायचे.

"काका..." मी म्हणाले.

त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. मी दारातच उभी राहिले.

"हा बोलत नाही," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे चांगला आहे. जो बोलते, तो फेकायचा."

मी काहीतरी बोलायचं म्हणून टेबलाजवळ गेले. कडेला एका लाकडी ठोकळ्यात बाणांची टोकं ओळीने खोचून ठेवली होती. प्रत्येकाला तीन पाती होती, ब्लेडसारखी, आणि ती इतकी चकचकीत होती की बोट आपोआप तिकडे जावं.

"हात नको लावू!"

आवाज एवढा मोठा होता की आतून काकू धावत आल्या. मी हात पाठीमागे घेतला होता. काका उठून उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

"कापलं की कळत नाही ना बाप्पा," ते आता हळू आवाजात म्हणाले. "खाली रक्त दिसते, तेव्हा कळते."

"पहिल्याच दिवशी पळवून लावा तिला," काकू म्हणाल्या आणि मला किल्ली दिली.

काका मूळचे चंद्रपूरचे. वडील जंगलखात्यात होते. नागपूरला धातुशास्त्र शिकून ते सत्तरच्या दशकात इकडे आले आणि बेअरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात पोलाद तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या एका फोरमनने त्यांना धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकवली. मिशिगनमध्ये ऑक्टोबरपासून धनुष्यवाल्यांचा हंगाम सुरू होतो. बंदूकवाले नंतर येतात. काकांना बंदुकीत रस नव्हता. मंडळात लोक त्यांच्याशी जपून बोलत. गणपतीला ते धोतर नेसून आरतीला उभे राहत, खड्या आवाजात म्हणत, आणि मागे कुणीतरी बायकोला कुजबुजून सांगे, "तेच ते, हरणं मारणारे."

काकू कट्टर शाकाहारी, साताऱ्याकडच्या. या दोघांचा संसार कसा चालतो हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. मग कळलं की त्यांनी घराची वाटणी केली होती. गॅरेजमध्ये काकांचा फ्रीझर, विजेची शेगडी, दोन पातेली आणि नागपूरहून आणलेला सावजी मसाला. तिथे ते स्वतः रस्सा करायचे आणि तिथेच स्टुलावर बसून खायचे. घरात येताना सिंकवर कोपरापर्यंत हात धुवायचे. "गॅरेज त्यांचं, किचन माझं," काकू म्हणायच्या. फक्त जेवणाच्या टेबलाचा वाद मिटला नव्हता. बाणासाठी सपाट आणि उजेडातली जागा लागते, आणि ती घरात दुसरीकडे नाही, हे काकांचं म्हणणं.

मला दिवसभर काही काम नसायचं. मी वर जायला लागले. काकूंबरोबर भाजी निवडता निवडता माझी नजर टेबलाकडे जायची. महिनाभरात काकांनी मला एक बाण हातात दिला आणि म्हणाले, "ऐक."

कार्बनचा बाण आत कुठे तडकला असेल तर डोळ्यांना दिसत नाही. बाक दिला की मात्र किर्र असा अगदी बारीक आवाज येतो. तसा बाण दोरीला लावून सोडला तर दोरीच्या रेट्याने तो तिथेच फुटतो आणि त्याच्या कपच्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. काकांनी मला आपल्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला पांढरा वण दाखवला. "ही माझी शाळा," ते म्हणाले.

मग टोक बसवायचं. ते बोटांनी पिळायचं नाही, त्यासाठी छोटा पाना असतो. बसवल्यावर बाण टोकावर उभा धरून भोवऱ्यासारखा फिरवायचा. टोक जराही वाकडं बसलं असेल तर बाण थरथरतो आणि तो थरथरता बाण हवेत भरकटतो. आणि शेवटी धार. काका एका लाकडी चौकटीवर रबरबँड ताणून बसवायचे आणि त्याच्यावर पातं नुसतं टेकवायचे. दाबायचं नाही, ओढायचं नाही. टेकताच रबर तुटलं तर पास. नाहीतर ते टोक पुन्हा दगडावर. तिन्ही पाती वेगवेगळी तपासायची. यात संध्याकाळ व्हायची.

"एवढं कशाला काका?" मी एकदा विचारलं. "बाण तर लागणारच ना?"

ते बराच वेळ पातं घासत राहिले. मग त्यांनी सांगितलं की लहानपणी वडिलांबरोबर जंगलात गेले असताना त्यांनी एक चितळ पाहिलं होतं. कुणीतरी चोरट्या शिकाऱ्याने छऱ्याची बंदूक मारलेली. पोटात जखम घेऊन ते नाल्यात पडलं होतं, दोन दिवस तरी झाले असावेत. जिवंत होतं. "त्यानं माझ्याकडे पाह्यलं," काका म्हणाले. मग दगडावर तेलाचा थेंब टाकत म्हणाले, "धार चांगली असली तर हरणाले कळत नाही. चार पावलं चालते, उभं राहते, बसते. मारायचंच आहे, तर मग आळस कायचा?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मारायचंच आहे, तर मग आळस कायचा. काकू आतून ओरडायच्या, "मारायचं कशाला, ते आधी सांगा!" काका तेवढ्यात पुढचं पातं दगडावर घ्यायचे.

खंडेनवमीला काकू शस्त्रांची पूजा करायच्या. विळी, सुऱ्या, स्क्रूड्रायव्हर, निखिलचा लॅपटॉप, आणि काकांचा भाताही. शिकार आवडत नसली तरी पूजा चुकवायची नाही. काका मात्र बाजूला अस्वस्थ उभे राहायचे. "पात्यांवर कुंकू नको हं. ओलं कुंकू गंज चढवते."

"देवाला सांगते तुमचा निरोप," काकू म्हणायच्या, आणि भात्याच्या पट्ट्याला हळदकुंकू लावायच्या.

काकांचा हात किती स्थिर होता, हे मी त्याच वर्षी पाहिलं. सप्टेंबरमधली न्यूयॉर्कची ती सकाळ होऊन गेली होती. आम्ही सगळे दुकानात जाताना, पार्किंगमध्ये, उगाचच हसरा चेहरा ठेवून चालायचो. काकूंनी त्यांना सांगितलं होतं, यंदा राहू द्या. काकांनी ऐकलं नाही. ते रोज दुपारी गॅरेजचं दार उघडं टाकून आत भिंतीशी ठेवलेल्या फोमच्या ठोकळ्यावर नेम धरायचे. एके दिवशी मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले आणि पाहते तर ड्राइव्हवेच्या तोंडाशी पोलिसांची गाडी. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या कुणीतरी फोन केला असावा. पोलीस उतरला होता आणि त्याचा हात कमरेशी होता.

"सर! ड्रॉप इट! ड्रॉप इट नाऊ!"

काकांनी तेव्हा दोरी पूर्ण ओढलेली होती. बाण लावलेला. ताणलेलं धनुष्य असं टाकून देता येत नाही. हात सुटला की बाण जातो. हे मला ठाऊक होतं. त्या पोलिसाला होतं की नाही कुणास ठाऊक. मी पिशवी हातात धरून जागच्या जागी थिजले. काकूही दारात आल्या होत्या.

काकांनी मान वळवली नाही. ठोकळ्याकडेच पाहत, वर्गात शिकवावं तशा आवाजात ते म्हणाले, "ऑफिसर, आय कॅनॉट ड्रॉप इट. इट विल शूट. आय विल ब्रिंग इट डाउन स्लो. प्लीज डोन्ट टॉक टु मी."

पोलीस गप्प झाला. काकांनी दोरी बोटाबोटाने पुढे आणली. बाणाचं टोक ठोकळ्यावरून केसभरही हललं नाही. दोरी सैल झाली, त्यांनी बाण काढला, खाली ठेवला, धनुष्य ठेवलं आणि मग हात वर करून वळले. पोलिसाने लायसन्स पाहिलं, शिकारीचा परवाना पाहिला, कुठे जन्मलात ते विचारलं, "यू हॅव अ गुड डे" म्हणून गेला. काकू दारातच खाली बसल्या. काकांनी गॅरेजचं दार बंद केलं आणि त्या हंगामात ते शिकारीला गेलेच नाहीत. मला वाटलं, घाबरले असतील. पण पुढच्या ऑगस्टला टेबलावर पुन्हा बाण आले.

तोच हात तीन वर्षांनी कापायला लागला.

आधी मला कळलं नाही. मी पानं वाढायला मदत करत होते आणि काकांच्या वाटीतली आमटी हिंदकळून ताटात सांडली. त्यांनी ती भाताखाली झाकली. मग त्या उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "टोकं तू बसव यंदा. तुझे डोळे चांगले आहेत." मी बसवली. रबरबँड मी लावले, बाण मी फिरवले. ते समोर बसून पाहायचे आणि उजवा हात डाव्या हाताखाली धरून ठेवायचे.

एकदा त्यांनी एक बाण कानाशी ऐकून 'चांगला' म्हणून बाजूला ठेवला. मी सहज उचलला आणि बाक दिला. किर्र.

"काका, हा बोलतोय."

"नाही बोलत."

"ऐका ना."

त्यांनी ऐकला. मला दिसलं की त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी बाण गुडघ्यावर ठेवून दाबला, तर तो मधोमध फुटला आणि काळ्या कुसळांसारख्या कपच्या टेबलक्लॉथवर उडाल्या. मी कपच्या ओल्या फडक्याने टिपून घेतल्या. त्यांनी बाकीचे सगळे बाण माझ्याकडे सरकवले.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. काकूंनी मला खाली येऊन सांगितलं, रडल्या नाहीत, नुसत्या माझ्या गॅसचं बटण पुसत राहिल्या. झाडावरच्या मचाणावर चढायला डॉक्टरांनी बंदी घातली होती. शिकार बंद, असं काकूंनी ठरवलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. वरून नुसती पावलं ऐकू येत. तिसऱ्या दिवशी तह झाला. काकांनी वचन दिलं, जमिनीवरच्या कापडी आडोशात बसेन, हरणं बघेन, बाण सोडणार नाही. धनुष्य मात्र बरोबर नेईन. नुसतंच रिकाम्या हाताने बसलो तर पार्कात बसलेल्या पेन्शनरसारखा दिसेन, असं ते म्हणाले. काकूंनी मला विचारलं, "तू जाशील का गं यांच्याबरोबर? गाडी चालवू देत नाही मी त्यांना."

मला लायसन्स मिळून वर्ष झालं होतं. मी हो म्हणाले.

तासाभराच्या अंतरावर बार्ब नावाच्या एका विधवा बाईंचं शेत होतं, सोयाबीन आणि मागे मेपलचं जंगल. काका तिथे वर्षानुवर्षं जात. आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं. आडोसा म्हणजे छोटा तंबूच, समोर एक पट्टीएवढी खिडकी. आत दोन घडीची स्टुलं. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. काकांनी धनुष्य मांडीवर ठेवलं होतं आणि त्याला बाण लावलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "सवय आहे."

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं तेव्हा हरणी आली. आवाज काहीच नाही. आधी नुसती झाडं होती, मग झाडांमध्ये ती होती. मान खाली घालून पानांत काहीतरी शोधत हळूहळू जवळ येत होती. मी इतक्या जवळून जंगली जनावर कधी पाहिलं नव्हतं; कानांच्या आतले पांढरे केससुद्धा दिसत होते.

शेजारी हालचाल झाली. काकांनी धनुष्य उचललं होतं.

"काका," मी ओठांतल्या ओठांत म्हणाले.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दोरी ओढली.

त्यांचा हात कापत होता. बाण ज्या खाचेवर टेकतो तिथे तो वाजायला लागला. टक. टक टक. टक. हरणीने मान वर केली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं. पुढचा एक पाय आपटला. मला वाटलं, आता ते दोरी खाली आणतील, त्या दिवशी पोलिसासमोर आणली होती तशी, बोटाबोटाने. हरणी वळायला लागली. आणि बाण सुटला.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. हरणी उडाली नाही, पळाली नाही. पाठीची कमान करून, पोटात कळ यावी तशी, चालत झाडांमध्ये गेली.

"मागं लागला," काका म्हणाले. त्यांनी धनुष्य खाली ठेवलं. "पोटात लागला."

मी उठले, तर त्यांनी माझी बाही धरली. "बस. आत्ता मागं गेलो तर ते उठून पळते. जेवढं पळेल तेवढं भोगेल. बसू दे तिले."

"किती वेळ?"

"दुपारपर्यंत."

मग आम्ही बसलो. त्या बसण्याबद्दल मला आजही नीट सांगता येत नाही. कुठेतरी जवळच ती पडलेली होती आणि आम्ही स्टुलांवर बसून होतो. ऊन गेलं, पश्चिमेकडून ढग यायला लागले. काकूंनी दिलेला थर्मास आणि गूळपोळ्या तशाच पडून होत्या.

"पाऊस आला तर रक्त धुऊन जाईल ना?" मी विचारलं.

"हो."

"मग?"

"मग सापडणार नाही." ते खिडकीतून बाहेर पाहत होते. उजवा हात मांडीवर फडफडत होता, आणि आता ते तो झाकत नव्हते.

"काका, का सोडलात?"

"पूर्ण ओढलं की हात थांबते," ते म्हणाले. "नेहमीच थांबते. कितीही कापो, शेवटी थांबते. मले वाटलं, आताही थांबेल." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं."

पहिले थेंब पडायला लागले तेव्हा ते उठले. "चाल."

बाण गेला होता तिथे पानांवर गडद, जवळजवळ काळं रक्त होतं. तिथून माग सुरू झाला आणि लगेच हरवला. ऑक्टोबरातली मेपलची पानं. प्रत्येक पान लाल, प्रत्येकावर लाल ठिपके. काका वाकून पाहायचे, त्यांना दिसायचं नाही. "तू बघ," ते म्हणाले. "ठिपका दिसला की ओल्या बोटानं पूस. पुसला गेला तर रक्त. नाही गेला तर पान."

मी गुडघ्यांवर बसून पानं पुसत पुढे सरकले. पान, पान, पान. मग एक ठिपका बोटाला लागला. मी टिश्यूचा तुकडा तिथे ठेवला आणि पुढे गेले. पाऊस हळूहळू वाढत होता. मी इतकी घाई केली की एकदा माग सोडून भलतीकडे गेले आणि काकांनी मागून, रागाने नाही, अगदी हळू आवाजात म्हटलं, "परत ये. टिश्यूपाशी ये. तिथून पुन्हा." मला रडू येत होतं आणि मी पुसत होते. पुढे ओढ्याच्या काठी गवत दबलेलं होतं.

ती तिथे होती. पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि मान वर होती.

तिने आमच्याकडे पाहिलं. उठण्याचा प्रयत्न केला, उठता आलं नाही. काका माझ्या शेजारी होते आणि त्यांचा श्वास मोठ्याने वाजत होता. त्यांनी भात्यातून दुसरा बाण काढला. दोरीला लावताना तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा लागला. त्यांनी ओढलं, आणि टोक हवेत इकडून तिकडे फिरायला लागलं. एवढ्या जवळून. त्यांनी दोरी खाली आणली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"माझा हात धर," ते म्हणाले.

"काका, मला नाही जमणार."

"पोरी, ती बघून राहिली आहे. धर."

मी त्यांच्या मागे उभी राहिले. डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं, उजव्या हाताने कोपर. मला वाटलं होतं म्हातारा हात असेल. तो लाकडासारखा घट्ट होता आणि आतून सतत हादरत होता, मोटार चालू असलेल्या यंत्रावर हात ठेवावा तसा. मी सगळा जोर लावला. टोक थांबलं. "तसंच," ते म्हणाले. "तसंच धरून ठेव."

मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते असं नंतर पुष्कळ दिवस वाटत होतं, आता वाटत नाही. बाण सुटला. तिने मान हळूच खाली टेकवली, झोपताना टेकवावी तशी, आणि सगळं संपलं.

काका गवतात बसले. तिच्या मानेवर हात ठेवून ते बराच वेळ बसून होते. पावसाने त्यांचा चेहरा ओला झाला होता, त्यामुळे बाकी काही कळत नव्हतं. परवान्याची चिठ्ठी तिच्या पायाला बांधायची असते. त्यांना गाठ मारता येईना, ती मी मारली.

बार्ब ट्रॅक्टर घेऊन आल्या. त्यांनी आमच्याकडे एक नजर टाकली आणि हरणीला दोर बांधायला लागल्या. मांस गावातल्या गरजूंना द्या, असं काकांनी त्यांना सांगितलं. मग गोठ्याजवळच्या नळाखाली हात घासले, गाडीतला दुसरा शर्ट घातला, आणि ओला शर्ट पिशवीत कोंबला. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले. "तिले काही सांगू नको." आधी मला वाटलं ते हरणीबद्दल बोलतायत. मग कळलं, काकूंबद्दल.

काकू दारातच उभ्या होत्या. "काय झालं?"

"एक आली होती," काका म्हणाले. "जवळ आली, बघितली, सोडून दिली."

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "पाणी तापलंय, आंघोळ करा." मी खाली निघून गेले आणि त्या संध्याकाळी निखिलला म्हणाले, डोकं दुखतंय.

त्यानंतर काका कधी शिकारीला गेले नाहीत. पण ऑगस्ट लागला की टेबलावर बाण यायचेच. ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायची. टोकं, रबरबँड, भोवरा, सगळं. पुढे निखिलने नोकरी बदलली आणि २००६ साली आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो. निघताना काकांनी माझा हात हातात घेतला आणि कापणाऱ्या हाताने तो बराच वेळ धरून ठेवला.

२००८ च्या वसंतात काकूंचा फोन आला. काका गेले होते. न्यूमोनिया झाला होता, हॉस्पिटलात फार दिवस राहावं लागलं नाही. काकू शांतपणे सगळं सांगत होत्या, कोण कोण आलं, मंडळातल्यांनी किती धावपळ केली. मग त्या म्हणाल्या,

"शेवटचं हरीण सोडून दिलं त्यांनी. एवढं एक माझ्या मनाला बरं वाटतं. सोडलं होतं ना गं? तू होतीस बरोबर."

एडिसनच्या त्या छोट्या अपार्टमेंटमध्ये मी सिंकपाशी उभी होते. नळ चालू होता, तो मी बंद केला.

"हो काकू," मी म्हणाले. "सोडलं होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या,

"अगं, त्यांचे कपडे मीच धुवायची."

मी बंद नळ आणखी घट्ट पिळला.

"पिशवीतला शर्ट मी त्याच संध्याकाळी धुतला. दोनदा धुतला, तरी बाहीवर रक्त राहिलं होतं थोडं," काकू म्हणाल्या. "त्यांनाही कधी विचारलं नाही मी. तू हो म्हणालीस ते चांगलं केलंस. तसंच राहू दे."